गुन्हेगारीशास्त्र आणि फौजदारी न्याय या विषयात प्राध्यापक-संशोधक व्हायचे असेल तर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विद्यार्थी, वकील, पोलीस अधिकारी आणि समाजकार्याचे पदवीधर आम्हाला पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. नियम बदलत राहतात. त्यामुळे अर्ज भरण्याआधी त्या वेळची जाहिरात आणि परिपत्रक स्वतः वाचा.

१. गुन्हेगारीशास्त्र आणि फौजदारी न्याय हे एकच ना?

जवळचे आहेत, एकच नाहीत. गुन्हा का घडतो, कोणत्या कृतीला समाज गुन्हा म्हणतो आणि त्याची झळ कोणाला बसते, हे गुन्हेगारीशास्त्र पाहते. फौजदारी न्याय हा विषय यंत्रणेचा आहे. त्यात पोलीस ठाणे, सरकारी वकील, न्यायालय, कारागृह आणि परिवीक्षा (प्रोबेशन) अधिकारी येतात. त्यांच्यापैकी कोण कोणता निर्णय घेतो आणि त्याचे परिणाम काय होतात, याचा अभ्यास इथे होतो. अमेरिकेत हा स्वतंत्र विद्यापीठीय विषय म्हणून वाढला तो १९६७ च्या राष्ट्राध्यक्ष आयोगाच्या अहवालानंतर आणि १९६८ च्या कायद्यातून पोलीस शिक्षणाला पैसा मिळू लागल्यावर. भारतात असे वेगळे विभाग कमी आहेत. इथे तो विधी, समाजकार्य, समाजशास्त्र आणि गुन्हेगारीशास्त्र या चार घरांत वाटला गेला आहे, आणि पुढे नोकरी शोधताना नेमकी याचीच अडचण होते (प्रश्न ४).

२. हे प्राध्यापक गुन्ह्यांचा तपास करतात का? त्यांचे संशोधन असते तरी कशावर?

तपास करत नाहीत. तपास पोलिसांचा आणि रक्त, बोटांचे ठसे, विष यांची तपासणी न्यायसहायक विज्ञानाची (फॉरेन्सिक). ती विज्ञान शाखेची वेगळी वाट आहे. फौजदारी न्यायाचा प्राध्यापक विचारतो ते असे : जामीन मंजूर होऊनही माणूस आत का राहतो? पंच फितूर का होतात? अटक केल्याने घरातली मारहाण थांबते का?

शेवटच्या प्रश्नावरचा प्रयोग या क्षेत्रातला सगळ्यात गाजलेला. १९८१-८२ मध्ये मिनियापोलिस शहरात लॉरेन्स शर्मन आणि रिचर्ड बर्क यांनी किरकोळ घरगुती मारहाणीच्या प्रकरणांत पोलिसांनी अटक करायची, समजूत घालायची की मारणाऱ्याला काही तासांसाठी घराबाहेर काढायचे, हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवले. ३१४ प्रकरणांच्या विश्लेषणात अटकेनंतर मारहाण पुन्हा होण्याचे प्रमाण कमी दिसले आणि अनेक राज्यांनी धोरण बदलले. मग इतर शहरांत तोच प्रयोग केला तेव्हा निष्कर्ष एकसारखे आले नाहीत. काही ठिकाणी बेरोजगार पुरुषांमध्ये अटकेनंतर हिंसा वाढलेली दिसली. एका शहरातल्या निकालावरून कायदा बदलू नये, हा धडा या विषयाने तिथे घेतला.

आपल्याकडचे वेगळ्या धाटणीचे उदाहरण टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’ प्रकल्पाचे. १९९० मध्ये मुंबईच्या कारागृहात सुरू झालेल्या या कामात समाजकार्यकर्ते बंद्यांना कायदेशीर मदत, घरच्यांशी संपर्क आणि सुटकेनंतरचे पुनर्वसन यांत साथ देतात. संशोधनाचे प्रश्नही त्याच कामातून निघतात.

३. सुरुवात कोणत्या पदवीपासून करू? कुठे शिकवतात?

पदवी कोणतीही चालते. पदव्युत्तर पदवी मात्र विचारपूर्वक निवडा. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेत समाजकार्याच्या एम.ए.मध्ये गुन्हेगारीशास्त्र व न्याय ही शाखा आहे. मध्य प्रदेशात सागर येथील डॉ. हरिसिंग गौर विद्यापीठात हा विभाग १९५९ पासून आहे. दक्षिणेत मद्रास विद्यापीठ, तिरुनेलवेलीचे मनोन्मणियम सुंदरनार विद्यापीठ आणि धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ आहे. दिल्लीची १९७२ साली स्थापन झालेली राष्ट्रीय गुन्हेगारीशास्त्र संस्था आता राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे. एलएल.बी. झाले असेल तर फौजदारी कायद्यात एलएल.एम. हा सरळ मार्ग. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे राज्याची राष्ट्रीय विधी विद्यापीठे आहेत.

आमचा कल सांगायचा तर, माणसांत जाऊन काम करायचे असेल तर समाजकार्य घ्या आणि निकालपत्रे, कलमे यांत रमत असाल तर विधी. दोन्ही थोडे थोडे करू गेलात तर नोकरीच्या जाहिरातीत कुठेच बसत नाही.

४. नेट कोणत्या विषयात देऊ? सेट चालेल का?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नेटमध्ये, म्हणजे सहायक प्राध्यापकपदासाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत, गुन्हेगारीशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे (संकेतांक ६८). विधी, समाजकार्य, न्यायसहायक विज्ञान हेही वेगळे विषय आहेत. दोन पेपर, ५० आणि १०० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, एकूण ३०० गुण, सलग ३ तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका.

गोची पुढे आहे. सहायक प्राध्यापकाच्या जाहिरातीत ‘संबंधित किंवा संलग्न विषयात’ पदव्युत्तर पदवी ५५ टक्क्यांनी मागतात. संलग्न म्हणजे काय, हे ती संस्था आणि तिची छाननी समिती ठरवते. गुन्हेगारीशास्त्रात नेट झालेला उमेदवार विधी महाविद्यालयात किंवा समाजकार्य महाविद्यालयात छाननीतच बाद होऊ शकतो. महाराष्ट्रात गुन्हेगारीशास्त्राच्या नावाने निघणारी पदे फार थोडी आहेत. म्हणून ज्या विषयात पदव्युत्तर पदवी आहे त्याच विषयाची नेट आधी काढा. गुन्हेगारीशास्त्राची नंतर जोडा.

महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट, म्हणजे राज्यस्तरीय पात्रता परीक्षा, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. तिच्यात विधी आणि समाजकार्य हे विषय आहेत. सेटवर या दोन राज्यांत सहायक प्राध्यापक होता येते, पण जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) मिळत नाही.

५. पीएच.डी. नसेल तर नोकरी मिळणारच नाही का?

नियमाने मिळू शकते. १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकासाठी नेट, सेट किंवा तत्सम पात्रता पुरेशी आहे, पीएच.डी. ऐच्छिक आहे. पण सहयोगी प्राध्यापक व्हायचे तर तिच्याशिवाय दार उघडत नाही (प्रश्न ६). शिवाय एका जागेसाठी अनेक अर्ज आले की पीएच.डी.चे गुण यादीत वर नेतात.

२०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान ३ आणि जास्तीत जास्त ६ वर्षे. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना आणखी २ वर्षे सवलत. अभ्यासक्रमाचे किमान १२ श्रेयांक (क्रेडिट), त्यात संशोधन नीतीचा भाग आलाच. मार्गदर्शकाकडे एका वेळी प्राध्यापक असेल तर ८, सहयोगी असेल तर ६ आणि सहायक असेल तर ४ विद्यार्थी. या विषयाचे मार्गदर्शक मुळात कमी असल्याने प्रवेश परीक्षेपेक्षा रिकामी जागा मिळवणे अवघड जाते. अर्जाच्या आधीच मार्गदर्शकांना दोन पानांचा प्रस्ताव पाठवा आणि जागा आहे का ते सरळ विचारा.

जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये आणि नंतर ४२,००० रुपये, शिवाय घरभाडे. गृह मंत्रालयाच्या पोलीस संशोधन व विकास ब्युरोकडेही गुन्हेगारीशास्त्र व पोलीसविज्ञानात पीएच.डी. करणाऱ्यांसाठी स्वतंत्र अधिछात्रवृत्ती आहे. तिच्याकडे फार कमी लोकांचे लक्ष जाते.

६. पगार आणि बढती कशी?

सातव्या वेतन आयोगानुसार सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून, सहयोगीचे १,३१,४०० पासून, प्राध्यापकाचे १,४४,२०० पासून. २०१८ च्या नियमांत थेट भरतीसाठी सहयोगीला पीएच.डी., ८ वर्षांचा अनुभव आणि ७ शोधनिबंध, तर प्राध्यापकाला १० वर्षे आणि १० शोधनिबंध मागितले आहेत. हे आकडे नियमित पदांचे. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना यातले काहीच लागू नाही आणि अनेकांची पहिली वर्षे तिथेच जातात. घरखर्चाचा हिशेब आधी मांडा.

७. संशोधनाचा विषय कसा निवडू? ‘महाराष्ट्रातील महिलांवरील अत्याचार : एक अभ्यास’ चालेल का?

चालणार नाही. तो विषय नाही, ते क्षेत्र आहे. विषयाला चार गोष्टी लागतात : कोणता निर्णय, कोण घेतो, कुठे, आणि त्याची नोंद तुमच्या हाती येईल का. ‘२०१८ ते २०२३ या काळात अमुक जिल्ह्यातील सत्र न्यायालयाने पोक्सो (मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) प्रकरणांत दिलेल्या निर्दोष मुक्ततेची कारणे’ हा विषय झाला. निकालपत्रे उपलब्ध आहेत, पीडित व्यक्तीला त्रास न देता वाचता येतात, आणि शंभर-दीडशे निकाल एका माणसाला झेपतात.

या क्षेत्रातले बहुतेक प्रबंध अडकतात ते सिद्धांत कच्चा असल्याने नव्हे, परवानगी न मिळाल्याने. म्हणून आमचा आग्रह आहे की प्रस्ताव लिहितानाच दुसरी वाट आखून ठेवा. कारागृहात प्रवेश मिळाला नाही तर सुटून आलेल्यांशी बोलणार का? पोलीस ठाण्याच्या डायऱ्या मिळाल्या नाहीत तर न्यायालयातली दोषारोपपत्रे चालतील का? हे मार्गदर्शकाशी बोलून कागदावर घ्या.

८. राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोचे आकडे थेट वापरले तर काय बिघडते?

ते गुन्ह्यांचे आकडे नाहीत, नोंदींचे आहेत. हे एकदा मनात पक्के झाले की बाकीच्या चुका टळतात.

पहिली अडचण मुख्य गुन्ह्याच्या नियमाची. एकाच एफआयआरमध्ये घरात घुसणे, चोरी आणि खून असेल तर मोजला जातो फक्त खून. त्यामुळे छोट्या कलमांची संख्या प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते.

दुसरी अडचण दोषसिद्धीच्या दराची. तो दाखल गुन्ह्यांवर काढत नाहीत, त्या वर्षी ज्यांचा खटला निकाली निघाला त्यांच्यावर काढतात. समजा न्यायालयात १,००० खटले आहेत, निकाल ५० चा लागला आणि शिक्षा २५ मध्ये झाली. दर येतो ५० टक्के. उरलेले ९५० त्यात कुठेच नाहीत.

तिसरी अडचण तुलनेची. एखाद्या राज्यात नोंदी वाढल्या म्हणजे गुन्हे वाढले असे नसते. दिल्लीत चोरीची फिर्याद ऑनलाइन नोंदवायची सोय झाल्यावर चोरीचे आकडे झपाट्याने चढले. दखलपात्र, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकतात अशा, गुन्ह्याची नोंद करणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्ये ठरवले. तरीही फिर्यादीला अदखलपात्र नोंदीची पावती देऊन परत पाठवण्याची सवय सगळीकडे सारखी सुटलेली नाही. जिथे नोंद प्रामाणिक, तिथला आकडा मोठा.

किती गोष्टी नोंदीबाहेर राहतात याचा अंदाज राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतून येतो. २०१९-२१ च्या पाहणीत विवाहित किंवा पूर्वी विवाहित असलेल्या १८ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा झाल्याचे सांगितले. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागितली ती जेमतेम १४ टक्के स्त्रियांनी, आणि त्यातही पोलिसांपर्यंत पोहोचणाऱ्या थोड्याच.

आणखी एक : दर लाख लोकसंख्येमागचा दर काढताना २०११ च्या जनगणनेवर आधारलेली अंदाजित लोकसंख्या घेतली जाते. छोटे फरक म्हणून फारसे बोलके नसतात.

कारागृहांच्या आकड्यांचा सापळा वेगळा आहे. ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशात ५,७३,२२० बंदी होते आणि त्यातले ४,३४,३०२, म्हणजे ७५.८ टक्के, कच्चे कैदी. हा एका दिवसाचा फोटो. त्यात लांब मुक्काम असलेले जास्त दिसतात, चार दिवसांत जामिनावर सुटलेले निसटतात. वर्षभरात आत आलेल्यांची संख्या वेगळ्या तक्त्यात असते. दोन्ही घ्या.

९. मग माहिती मिळवायची कुठून?

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार संवेदनशील प्रकरणे सोडून एफआयआर २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावे लागतात. दुर्गम भागासाठी मुदत थोडी अधिक आहे. खटल्यांची प्रलंबितता राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिडवर आणि जिल्हा न्यायालयांचे निकाल ई-कोर्ट्सवर मिळतात. मात्र निकालांत एकाच कलमाची नावे वेगवेगळ्या पद्धतीने टंकलेली असतात, म्हणून एका शब्दाच्या शोधावर विसंबू नका.

माहिती अधिकारात महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, शुल्क १० रुपये. उत्तराची मुदत ३० दिवस. ‘कारणे काय?’ असे विचारू नका, नकारच येईल. कागद मागा : ‘अमुक कालावधीतील अमुक नोंदवहीची प्रत’. तपास चालू असलेल्या प्रकरणांत कलम ८(१)(ज) पुढे करून माहिती नाकारतात, म्हणून बंद झालेली वर्षे निवडा.

१०. कारागृहात जाऊन मुलाखती घ्यायच्या आहेत. परवानगी कशी मिळते?

महाराष्ट्रात कारागृह व सुधारसेवा विभागाचे मुख्यालय पुण्यात आहे. अर्ज तिथल्या प्रमुखांच्या नावे, तुमच्या विद्यापीठामार्फत करा. थेट अधीक्षकांना भेटून काम होत नाही, तेही फाइल पुण्यालाच पाठवतात. सोबत लागते ते असे : मार्गदर्शकाचे पत्र, नीती समितीची मान्यता, दोन पानांचा सारांश, मराठीतली प्रश्नावली, संमतीपत्राचा नमुना, ओळखपत्र, कोणती कारागृहे, किती दिवस आणि सोबत कोण. गृह मंत्रालयाने २०१५ मध्ये संशोधक आणि माध्यमांच्या कारागृहभेटींबाबत सूचना काढल्या, तेव्हापासून छाननी कडक झाली आहे.

अर्ज फेटाळला जातो तो बहुधा प्रश्नावलीमुळे. ‘तुरुंगातील भ्रष्टाचार’ असा शब्द दिसला की फाइल थांबते. यासाठी खोटा विषय लिहू नका, पण प्रश्न बंद्याच्या अनुभवाच्या बाजूने मांडा : भेटीला घरचे किती वेळा येतात, वकिलाशी शेवटचे बोलणे कधी झाले, तारखेला न्यायालयात नेतात का.

परवानगी आल्यावर मोबाइल आणि ध्वनिमुद्रक फाटकावर ठेवावे लागतील असे धरून चाला. हाताने लिहायचा सराव करा आणि बाहेर पडताच त्याच दिवशी टिपणे पूर्ण करा. दुपारी बराकी बंद असतात, कच्चे कैदी तारखेला गेलेले असतात. दिवसाला तीन-चार मुलाखतींपेक्षा जास्त धरू नका.

बंद्यांची निवड अधिकाऱ्यांवर सोपवू नका. ते सौजन्याने ‘चांगल्या वर्तणुकीचे’ चार जण समोर आणून बसवतात आणि तुमचा नमुना तिथेच एकांगी होतो. एकूण संख्येतून ठरावीक अंतराने निवड करायची विनंती अर्जातच लिहा. मुलाखतीच्या वेळी कर्मचारी ऐकण्याच्या अंतरावर असेल तर ते प्रबंधात नोंदवा, लपवू नका. आणि प्रत्येकाला आधी स्पष्ट सांगा : बोलल्याने जामीन, माफी, अभिवचन रजा (पॅरोल), संचित रजा (फर्लो) यांतले काहीही मिळणार नाही, न बोलल्याने काही जाणार नाही. अनेकांना आशा असते. ती न मोडता मिळवलेली संमती खरी नसते.

११. मुलाखतीत कोणी नोंद नसलेला गुन्हा सांगितला तर? संशोधक म्हणून मला गोपनीयतेचे संरक्षण आहे का?

नाही. वकील-अशिलाच्या संवादाला कायद्याने संरक्षण आहे, संशोधकाला ते नाही. न्यायालय तुम्हाला साक्षीला बोलावू शकते, टिपणे मागू शकते. खून, दरोडा अशा काही गंभीर गुन्ह्यांची माहिती असल्यास ती देण्याचे कर्तव्य भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३ ने प्रत्येक व्यक्तीवर टाकले आहे. त्यामुळे संमतीपत्रातच लिहा आणि तोंडीही सांगा : ‘चालू खटल्याबद्दल आणि नोंद न झालेल्या गुन्ह्याबद्दल सांगू नका.’ गाडी तिकडे वळू लागली की प्रश्न बदला. टिपणात नाव, बराक, खटला क्रमांक काहीच नको. संकेतांकाची यादी वेगळ्या ठिकाणी, कुलपात.

१२. आणि समोर लहान मूल किंवा पीडित व्यक्ती असेल तर?

तिथे नियम आणखी कडक आहे. १८ वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर पोक्सोच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, न कळवल्यास कलम २१ ने शिक्षा होऊ शकते. ‘मी संशोधक आहे’ हा बचाव नाही. म्हणून मुलांना ‘हे कोणालाच सांगणार नाही’ असे वचन कधीही देऊ नका. बाल कल्याण समितीचा आणि चाइल्डलाइन १०९८ चा संपर्क जवळ ठेवा. लैंगिक गुन्ह्यातील पीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. गाव, शाळा आणि वय एकत्र छापले तरी ओळख उघड होते, केवळ नाव बदलणे पुरत नाही.

१३. पारधी किंवा इतर विमुक्त समाजांतील ‘गुन्हेगारी’वर प्रबंध करायचा आहे. मार्गदर्शकांनीच सुचवला आहे. करू का?

या शीर्षकाने करू नका. १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले, त्यांना वसाहतींत डांबले, हजेरी लावली. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण सराईत गुन्हेगारांच्या कायद्यांतून आणि ठाण्यातल्या नोंदवह्यांतून ती नजर टिकून राहिली. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ च्या सुकन्या शांता निकालात कारागृह नियमावल्यांतील जातीवर आधारलेली कामवाटणी आणि विमुक्त जमातींविषयीच्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या.

अटक झालेल्यांत एका समाजाचे लोक जास्त दिसत असतील तर दोन शक्यता आहेत : ते गुन्हे जास्त करतात किंवा पोलीस त्यांनाच जास्त उचलतात. अटकेच्या आकड्यावरून या दोहोंत निवड करताच येत नाही. प्रश्न उलटा करा. संशयावरून ताब्यात घेतलेल्यांपैकी किती जणांवर दोषारोपपत्र गेले, किती निर्दोष सुटले, जामिनाला हमीदार मिळायला किती दिवस लागले, हे तपासा. त्यातून समाजालाही काही हाती लागेल. प्रबंध छापून आल्यावर तुमचे वाक्य एखाद्या ठाण्यात कोणाविरुद्ध वापरले जाईल का, हेही लिहिताना विचारात घ्या.

१४. माझा अभ्यासकाळ २०२२ ते २०२५ आहे. जुनी कलमे लिहू की नवी?

दोन्ही. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या कृत्याला भारतीय दंड संहिताच लागू, मग खटला पुढे कितीही चालो. त्यानंतरच्या कृत्याला भारतीय न्याय संहिता. तेव्हा तुमच्या तक्त्यात एफआयआरच्या तारखेबरोबर घटनेच्या तारखेचा रकाना हवाच. ३०२ चे १०३, ४२० चे ३१८(४), ४९८अ चे ८५ अशी जोडणी सोपी. अवघड जागा वेगळ्या आहेत : हिसकावून चोरी करणे हा कलम ३०४ खाली आता स्वतंत्र गुन्हा आहे, पूर्वी तो चोरीत किंवा जबरी चोरीत जाई. २०२४ नंतर चोरीचा आकडा घटलेला दिसला तर त्यातला काही भाग निव्वळ खाते बदलल्याचा असेल. मालिकेत तिथे रेघ मारा आणि तळटीप द्या.

१५. मी पोलीस खात्यात आहे (किंवा वकिली करतो). नोकरी सांभाळून पीएच.डी. जमेल?

अर्धवेळ पीएच.डी.ला २०२२ च्या नियमांत मुभा आहे. कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि त्यात अभ्यासासाठी वेळ मिळेल असे लिहिलेले असावे लागते. ठाण्यात, न्यायालयात तुम्हाला सहज जाता येते, हा मोठा फायदा. पण कामानिमित्त पाहिलेली कागदपत्रे संशोधनात आपोआप वापरता येत नाहीत. त्यासाठी वेगळी लेखी परवानगी घ्या. स्वतःच्या ठाण्यातल्या कनिष्ठांच्या किंवा स्वतःच्या अशिलांच्या मुलाखती टाळा, कारण ते तुम्हाला नाही म्हणू शकत नाहीत. शेजारच्या जिल्ह्यात काम करा.

१६. प्रबंध मराठीत लिहिता येईल का?

विद्यापीठ आणि विषय यांवर अवलंबून आहे. नोंदणीच्या वेळीच लेखी विचारा, कारण नंतर भाषा बदलणे जिकिरीचे होते. समाजकार्यात हे तुलनेने सोपे, विधीमध्ये कठीण. परीक्षकांचे मंडळ मराठी वाचणारे मिळेल का, हेही पाहा.

प्रबंध इंग्रजीत असला तरी मुलाखतींची मूळ मराठी वाक्ये परिशिष्टात ठेवा. ‘मला उचललं’ आणि ‘मला अटक केली’ यांत बंदी फरक करतो. पहिल्यात कागद नसतो. भाषांतरात दोन्हींसाठी एकच शब्द वापरला तर बेकायदा ताब्याचे ते दिवस तुमच्या प्रबंधातून पुसले जातात.

प्रबंधाच्या साम्य तपासणीत (वाङ्मयचौर्य शोधण्यासाठीची) १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही, ४० पर्यंत सुधारून पुन्हा सादर करावे लागते, ६० च्या वर नोंदणी रद्द होते. कलमांचा आणि निकालपत्रांचा मजकूर अवतरणात आणि संदर्भासह घाला, नाहीतर विधीच्या प्रबंधात टक्केवारी त्यानेच फुगते.